इंजिन उघडू नकोस

दाईबाईंची गाडी शुक्रवारी सकाळी दूधवाल्याच्या टेम्पोमागे दोरीला बांधून गॅरेजच्या दारात आली, आणि ती पाहून बारकीला बरं वाटलं. गिऱ्हाइकाची गाडी बंद पडली की मिस्त्र्याला बरं वाटतं असं लोक समजतात, त्यातलं हे नव्हे. ही गाडी एक दिवस बंद पडेल, इंजिन खाली उतरेल, आणि मग आतलं सगळं बाबांच्या डोळ्यांसमोर उघडं करून ठेवता येईल, याची ती आठ महिने वाट बघत होती. बापाची चूक बापापुढे मांडायची हौस काही चांगली नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण होती खरी हौस.

बारकी या गॅरेजची मालकीण. नाव लहानपणी पडलं ते पडलं. आता चाळिशी उलटली होती, दारात उभी राहिली तर आतला उजेड कमी होई, तरी ती बारकीच. गिऱ्हाइकं तिला आदरानं बारकीताई म्हणत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

दाईबाई उतरल्या त्या घुश्शातच. डोंगरावरच्या सात वस्त्यांची बाळंतपणं त्या करत आणि वीस वर्षं याच गाडीनं वर-खाली करत. गाडीसारख्याच त्याही काटक आणि आवाजी. त्यांनी एका दमात सांगितलं की शेवटच्या वळणावर खालून कुणी हातोडीनं मारावं तसे ठोके सुरू झाले, ऑइलचा दिवा लागला आणि इंजिन बसलं. बरं झालं, गाडीत बाळंतीण नव्हती. पण वरच्या वस्तीवरच्या मास्तरीणबाईंचं बाळ आडवं आहे, त्यांना सोमवारी सकाळी खाली दवाखान्यात आणायचंच आहे, आणि त्या चढावर यायला दुसरा कुणी तयार नाही. तिथं मोठी गाडी वळत नाही आणि लहान गाडीवाले फोनवर ‘बघू’ म्हणतात.

‘दुरुस्त करा, दुसरं टाका, मोठं टाका, मला त्यातलं काही कळत नाही,’ दाईबाई म्हणाल्या. ‘सोमवारी सकाळी सहाला ही गाडी चढ चढली पाहिजे. नाही जमणार असेल तर आत्ता सांगा.’

जमेल, असं बारकीनं सांगून टाकलं. दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या बाबांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

ते स्टूल बाबांना मिळालं होतं आठ महिन्यांपूर्वी, आणि ते दिलं होतं बारकीनंच. त्याच्याही चार महिने आधी हेच इंजिन या गॅरेजात बांधलं होतं. पूर्ण काम, क्रँकपासून वरपर्यंत. बाबांचा दंडक असा की इंजिनाचं खालचं काम, म्हणजे क्रँक, तो तळाचा फिरता दांडा, आणि तिची बेअरिंगं, बाबा करणार आणि वरचं काम बारकी करणार. वीस वर्षं तसंच चाललेलं. मग चार महिन्यांतच दाईबाई ऑइलचा दिवा लुकलुकतो म्हणून गाडी घेऊन आल्या. ऑइलचा दाब खालूनच पडत होता. खालचं काम कुणाचं? बाबांचं. त्याच आठवड्यात बाबांच्या हातून चहा बशीत सांडलेला बारकीनं पाहिला होता. झालं, तिनं दोन आणि दोन चार केले. दाईबाईंसमोर, बाबा तीन हातांवर उभे असताना, ती म्हणाली, ‘बाबांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही.’ जाड ऑइल घालून गाडी तेवढ्यापुरती दिली. रात्री दादाला फोन केला.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. दूरच्या शहरात नोकरी करणारा आणि दर रविवारी फोनवरून बापाची काळजी घेणारा. वय झालं, आता बसवा त्यांना, हे त्याचं दोन वर्षं चाललेलंच होतं. त्यानं बाबांना फोनवर काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खिशातला पाना काढून बाकावर ठेवला आणि दाराजवळ जाऊन बसले. फोन उचलायचा, आलेलं सामान तपासून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम उरलं. अधूनमधून दुपारी उठून कुठं तरी तासभर चालून येत. बारकी विचारायची, कुठं गेला होता उन्हाचे? ते म्हणायचे, पाय मोकळे करायला. भांडले असते तर बरं झालं असतं. माणूस मूग गिळून बसला की समोरच्याला आपलं बरोबर आहे हे पुन्हा पुन्हा स्वतःला पटवत बसावं लागतं.

दुपारी भंगारवाला आला. जुन्या गाड्या फोडून त्यांचे सुटे भाग विकणारा हा माणूस अंगानं किडकिडीत आणि जिभेनं भलता दणकट. त्याच्याकडे दोन इंजिनं होती. एक या गाडीचंच, ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. दुसरं त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं, मोठं. मोठं टाका, तो म्हणाला, गाडी चढावर उड्या मारत जाईल, दाईबाई दुवा देतील. इंजिनाखालचा पाया थोडा बदलावा लागेल, रेडिएटर पुढे सरकवावा लागेल, पण बारकीताईंना त्यात काय अवघड! दोन्ही इंजिनं तो शनिवारी चारला टेम्पोत घालून आणणार होता. हवं ते उतरवून घ्या, जुनं मला द्या.

बारकी हिशेब मांडू लागली तो वेळेचा. इंजिन बदलायचं तर रविवारी दुपारपर्यंत गाडी चालू. मोठं टाकायचं तर रविवारची संध्याकाळ उलटणार. आहे तेच बांधायचं तर शनिवारी दोनच्या आत क्रँक लेथवाल्याकडे पोचली पाहिजे, म्हणजे तो घासून ती रविवारी सकाळी देईल, आणि मग दिवसभरात इंजिन उभं करायचं. जीव काढणारं काम, पण होण्यासारखं. आतून काय निघतं यावर सगळं.

तिनं बाबांना विचारलं नव्हतं. तरी बाबा बोलले.

‘दुसरं टाक,’ ते स्टुलावरून म्हणाले. ‘नाहीतर मोठं टाक. हे उघडू नकोस.’

बारकीचा पाना हातातच राहिला. चाळीस वर्षं या माणसानं सांगितलं होतं की इंजिन बदलायला मिस्त्री कशाला, हमाल पुरे. लोकांनी टाकून दिलेली, पाण्यात बुडालेली, उंदरांनी संसार थाटलेली इंजिनं त्यांनी पुन्हा बोलती केली होती. एकदा तर गिऱ्हाइकानं नवं इंजिन हवं म्हणून हट्ट धरला तेव्हा बाबांनी त्याला गॅरेजच्या बाहेर काढलं होतं. आणि तेच आज म्हणत होते, उघडू नकोस.

‘का?’ तिनं विचारलं.

‘वेळ कमी आहे.’

‘उघडायला तासभर लागतो, बाबा.’

‘तासभर तर तासभर. कशाला घालवायचा?’ ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

इथं पाणी मुरतंय हे कळायला काही इंजिन उघडावं लागत नव्हतं. त्यांना माहीत आहे, बारकी मनात म्हणाली. आत काय करून ठेवलंय ते त्यांना पक्कं माहीत आहे, आणि ते माझ्या दृष्टीस पडू नये म्हणून चाळीस वर्षांचं तत्त्व मोडायला निघालेत. तिला राग आला आणि त्या रागात थोडा विजयही होता. उघडणार, तिनं ठरवलं. आता तर उघडणारच.

शनिवारी सकाळपासून दोघं एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोलले नाहीत. बारकीनं रेडिएटर काढला, वायरी सोडवल्या, गिअरबॉक्स वेगळा केला आणि साडेअकराला चेनपुलीला इंजिन अडकवलं. साखळी एकेक कडी खडखडत वर जाऊ लागली. बाबा स्टुलावरून उठून आले आणि इंजिन डोलू नये म्हणून त्यांनी त्याला हात लावला. इतक्या महिन्यांनी त्यांनी इंजिनाला हात लावलेला पाहून बारकीनं साखळी सावकाश ओढायला घेतली.

‘तसंच राहू दे टांगलेलं,’ बाबा हळूच म्हणाले. ‘चारला टेम्पो येतोय. त्यात सरळ उतरवता येईल.’

‘स्टँडवर घेते,’ बारकी म्हणाली.

‘बारके, ऐक माझं.’

‘आठ महिने ऐकतेच आहे की. तुम्ही बोलतच नाही तर काय ऐकू?’

बाबांनी हात काढून घेतला. तिनं इंजिन स्टँडवर घेतलं, उलटं केलं, आणि खालच्या ऑइलच्या चेंबरचे बोल्ट सोडवायला लागली. बोल्ट खूप, सगळे बारीक. एकेक बोल्ट वाटीत टाकताना टिंग टिंग वाजत होता आणि मागे उभ्या असलेल्या बाबांचा श्वास तिला ऐकू येत होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले. दोनला लेथवाला दार लावणार. चेंबर चिकटलं होतं, त्याला लाकडाच्या ठोकळ्यानं चार बाजूंनी ठोकावं लागलं. मग ते सुटलं. तिनं ते बाजूला ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि आत वाकून पाहिलं.

क्रँकला इंजिनात धरून ठेवणाऱ्या पाच कॅप असतात, लोखंडी, मुठीएवढ्या. प्रत्येकीला दोन बोल्ट. त्या दहाही बोल्टांच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची एकेक रेघ होती.

पिवळी रेघ बारकीची. कॉलेजात ती शिकलीच तशी. टॉर्क पान्यानं बोल्ट मोजून आवळायचा आणि आवळला की त्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे एकही सुटत नाही. बाबा हातानंच आवळत आणि मग छोट्या हातोडीनं टकटक करून आवाज ऐकत. तू इंजिन बांधतेस की भिंत रंगवतेस, असं ते तिला चिडवत. आयुष्यात बाबांनी एका बोल्टाला रंग लावला नव्हता.

बारकी आणखी वाकली. तिनं बोटानं एक रेघ पुसून पाहिली. वाळलेली होती, ऑइलनं काळपट झालेली, पण पिवळीच.

मग तिला आठवलं, आणि आपण हे कसं विसरलो याचं तिला नवल वाटलं. त्या आठवड्यात दोन इंजिनं होती. एकाचं खालचं काम बाबांनी केलं. दुसऱ्याच्या, म्हणजे याच्या, वेळी बाबांची दाढ दुखायला लागली, इतकी की सकाळीच कॅप खुणा करून काढून ठेवल्या आणि ते दाढ उपटायला गेले. दुपारी परत आले ते गाल भोपळ्यासारखा फुगवून, तोंडात कापसाचा बोळा. दोन दिवस शब्द नाही. दाईबाईंना गाडीची घाई होतीच. बारकीनं म्हटलं, आपण बसवू, त्यात काय! क्रँक थोडी जड फिरत होती, पण नवं काम थोडं जड फिरतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि चेंबर लावून टाकलं. पुढच्या चार महिन्यांत एवढी इंजिनं हाताखालून गेली की यातलं कोणतं कुणी बांधलं ते धूसर झालं, आणि ऑइलचा दिवा लागला तेव्हा तिला फक्त दंडक आठवला. खालचं काम बाबांचं.

तिनं दिवा आणखी जवळ आणला. पाचांतल्या तीन कॅप वेगवेगळ्या दिसतात, त्या चुकीच्या जागी बसूच शकत नाहीत. दुसरी आणि चौथी मात्र हुबेहूब सारख्या. कंपनीचे आकडे जुन्या इंजिनावर केव्हाच घासून गेलेले. म्हणून बाबा त्या दोघींवरच पंच ठोकून खूण करायचे. एकीवर एक टिंब, दुसरीवर दोन. आणि बाबांची मोजणी सुरू व्हायची मागून, फ्लायव्हीलच्या जड चाकाकडून. तरुणपणी त्यांना ज्यानं शिकवलं तो होडीवरच्या इंजिनांचा मिस्त्री होता. होडीत माणूस फ्लायव्हीलच्या बाजूलाच उभा राहतो. बारकी कॉलेजातली, ती पुढून मोजायची. या घरात ‘एक नंबर’ म्हटलं की लगेच ‘तुमचा की माझा?’ असा प्रश्न यायचा. जेवतानासुद्धा त्यावरून थट्टा चालायची. पण त्या दिवशी ज्यांना विचारायचं त्यांच्या तोंडात बोळा होता, आणि तिनं विचारलंही नाही. एक टिंबवाली कॅप पुढच्या बाजूला बसली होती आणि दोन टिंबवाली मागे. क्रँक वर्षभर तिरक्या दाबाखाली फिरत राहिली आणि बेअरिंग एका बाजूनं खात गेली.

‘लाव चेंबर,’ मागून बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ‘अजून काही बिघडलेलं नाही. लाव आणि दे टेम्पोत.’

बारकी वळली नाही. ‘तुम्हाला माहीत होतं.’

‘दिवा लागला त्या दिवशी ध्यानात आलं.’

‘मग बोलला का नाही?’

‘तू आधी बोललीस,’ बाबा म्हणाले. ‘दाईबाईंसमोर बोललीस. त्यावर मी काय बोलणार होतो? की माझा हात ठीक आहे, हिचाच चुकला? मला आणखी किती वर्षं काढायचीत, बारके? गॅरेज तुला चालवायचंय. लोकांनी तुझ्याकडे यायचंय.’

‘आणि गाडी? ती घाट चढत होती, बाबा. त्यात माणसं बसत होती.’

बाबा म्हणाले की ते दर आठवड्याला दुपारी दाईबाईंच्या घराकडे जात, ऑइल बघत, कमी असलं तर भरत, इंजिन चालू करून कान लावत. ठोका सुरू झाला असता तर त्यांनी गाडी थांबवलीच असती. त्यांना वाटलं होतं, हिवाळा सरला की काहीतरी कारण काढून हे इंजिन बदलायला लावू. तेवढं चालेल असं वाटलं होतं.

पाय मोकळे करायला जातात म्हणून ती त्यांच्यावर खेकसायची, ते हे. बारकीला रडू आलं नाही, लाज आली. नुसती लाज, गळ्यापर्यंत.

दाईबाई नेमक्या तेव्हाच आल्या. काय ठरलं ते विचारायला आल्या होत्या, पण उलटं पडलेलं इंजिन आणि दोघांची तोंडं बघून त्या दारातच थांबल्या. बाबा झटकन पुढे झाले. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलायची सवय, वाक्य तयारच होतं.

‘माझ्याकडून चूक झाली होती, बाई. बांधताना. हात थरथरला असणार. इंजिन बदलून देतो आम्ही, खर्च आमचा.’

बारकीला वाटलं, बाबा म्हणतात तेच खरं ठरू द्यावं. खोटं कशाला बोला, तिला खरंच तसं वाटलं, चांगले दोन श्वास वाटलं. दाईबाईंच्या ओळखीवर डोंगरावरची निम्मी गिऱ्हाइकं या गॅरेजात येत होती. बाबांचं नाव तर आधीच गेलेलं होतं. गेलेलंच आणखी थोडं गेलं असतं.

‘बाबांनी हे इंजिन बांधलंच नाही,’ ती म्हणाली. ‘मी बांधलं. कॅपची अदलाबदल माझ्या हातून झाली. त्यांचा हात बिघडलाय असं तुम्हाला मी सांगितलं ते खोटं होतं. मला खरं वाटत होतं, पण होतं खोटं.’

‘बारके,’ बाबा ओरडले. आठ महिन्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

दाईबाईंनी एकदा बारकीकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. बाबा दर आठवड्याला आपल्या दारात ऑइल बघायला का येत होते, ते त्यांना आता कळलं असावं.

‘आठ महिने,’ त्या म्हणाल्या. ‘आठ महिने मी पोटुश्या बायका घेऊन त्या घाटात जात होते. आणि तुम्ही बापलेक इथं एकमेकांची अब्रू सांभाळत होता.’

बाबांची मान खाली गेली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

‘गाडीचं काय ते सांगा,’ दाईबाई म्हणाल्या. ‘आणि या वेळेला खरं सांगा.’

बारकीनं सांगितलं. आता लपवायचं काही उरलं नसल्यानं डोकं एकदम साफ चालायला लागलं होतं. मोठं इंजिन चढावर झकास, पण उताराचं काय? ब्रेक जुन्या वजनाचे, जुन्या वेगाचे. अडलेल्या बाईला घेऊन उतरताना ते नको. भंगारातलं दुसरं इंजिन आतून कसं आहे ते कुणालाच माहीत नाही, ते सोमवारी सकाळीच पहिल्यांदा कळेल. या इंजिनाचं आतलं मात्र समोर दिसतंय. बाकी सगळं चांगलं आहे, सिलिंडर नव्यासारखे आहेत, क्रँक अजून एकदा घासता येईल. एकदाच, पुन्हा नाही. ‘हेच बांधावं असं माझं मत. पण माझ्या मतावर तुमचा विश्वास बसला नाही तर मी समजू शकते. इंजिन गाडीत टाकून दुसऱ्या गॅरेजला पोचवून देईन.’

‘दुसऱ्या गॅरेजला सोमवार सकाळपर्यंत जमणार आहे का?’ दाईबाईंनी विचारलं. ‘बांधा. उद्या मी इथंच बसणार.’

दोनला पाच मिनिटं कमी असताना बारकी क्रँक घेऊन लेथवाल्याच्या दारात पोचली. चारला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. आत निजलेली त्याची दोन्ही इंजिनं तशीच परत गेली. जाताना तो बडबडत गेला की या बापलेकींना धंदा कळत नाही.

रविवारी सकाळी क्रँक आली. दाईबाई आपली काळी बॅग मांडीवर घेऊन बाकावर येऊन बसल्या होत्या. बारकीनं क्रँक धुतली, ऑइलच्या वाटा फुंकून साफ केल्या, नवी बेअरिंगं बसवली. मग कॅप पुसून रांगेत मांडल्या आणि ती बाजूला झाली.

‘बाबा,’ ती म्हणाली. ‘खालचं काम तुमचं.’

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. बहुधा रात्रभर त्यांनी याचीच वाट पाहिली असावी. त्यांनी साबणानं हात धुतले, खिळ्यावरचा जुना डगला अंगात घातला आणि इंजिनापाशी येऊन उभे राहिले. क्रँक त्यांनी तिच्या मदतीनं आत ठेवली, मधली कॅप ठेवली, आणि पहिला बोल्ट भोकाशी नेला. बोल्ट आट्यात धरेना. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा लावला. बोल्टाचं टोक भोकाच्या कडेवर टकटक वाजायला लागलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं तरी वाजत राहिलं. तिसऱ्यांदा बोल्ट हातातून सुटला आणि घरंगळत स्टँडखाली गेला.

बारकी उचलायला वाकली नाही. दाईबाईंनी बाबांच्या हाताकडे पाहिलं, वैद्यकातल्या माणसाच्या नजरेनं पाहिलं, आणि मग बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करू लागल्या.

‘खरंच गेला की गं,’ बाबा म्हणाले. ते कुणाला दोष देत नव्हते. आपल्याच हाताकडे ते असे बघत होते की हा केव्हा असा झाला हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. ‘मला वाटलं होतं, अजून असेल.’

हात वयानं गेला की स्टुलावर बसून गेला, हे कोण सांगणार? स्टुलावर बसून, असं बारकीनं तेव्हाच मनाशी उत्तर दिलं आणि पुढे आयुष्यभर ते बदललं नाही. बाबांनी डगला काढला आणि स्टूल ओढून इंजिनाजवळ घेतलं. तिनं बोल्ट शोधून आणला. मग ती एकेक कॅप हातात घ्यायची, त्यांना दाखवायची, ते मान हलवायचे, मगच ती बसवायची. सगळ्या आवळून झाल्यावर बाबांनी क्रँक एका बोटानं फिरवून पाहिली. ती हलकी फिरली.

संध्याकाळी पाचला इंजिन गाडीत होतं, सहाला सुरू झालं. ऑइलचा दिवा लागला, विझला, आणि पुन्हा लागला नाही. दाईबाईंनी गाडी दोनदा रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणली. आभार मानले नाहीत, ते बरोबरच होतं. ‘उद्या दुपारी परत आले तर कळेल,’ एवढं म्हणून त्या गेल्या.

दादाचा रविवारचा फोन आला तेव्हा बारकी हात घासत होती. तिनं फोन मान आणि खांद्यामध्ये धरला आणि त्याला सगळं सांगितलं. पिवळ्या रेघा, कॅप, दाढ, सगळं. बाबा समोरच बसले होते.

‘म्हणजे बाबांचा काही दोष नव्हता,’ दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला. ‘बरं झालं बाई. मग उद्यापासून करू देत की त्यांना काम.’

‘आता नाही जमत. आज करून पाहिलं त्यांनी. हात चालत नाही.’

दादा म्हणाला, ‘म्हणजे तू म्हणत होतीस ते बरोबरच होतं.’

‘नाही,’ बारकी म्हणाली. ‘तेव्हा चालत होता.’

बाबांनी तोंड रस्त्याकडे वळवलं.